डिग्रीला जकातनाका कशाला?

तुमसर रोडहून तिरोडीला रेल्वेचा एक फाटा जातो. गोबरवाही, डोंगरी बुजुर्ग, मँगनीजच्या खाणी असं करत गाडी भंडारा जिल्हा सोडते आणि मध्य प्रदेशातल्या बालाघाट जिल्ह्यात शिरते. बाजारहाट, सोयरिकी सगळं या सीमेच्या आरपार चालतं. चालत नाही ते फक्त आपलं मुक्त विद्यापीठ! नाशिकचं यशवंतराव चव्हाण विद्यापीठ (स्थापना 1989) तुमसरला अभ्यासकेंद्र काढू शकतं, तिरोडीला नाही. राज्याच्या विद्यापीठाने दूरशिक्षण राज्याच्या हद्दीतच द्यायचं, असा यूजीसीचा नियम.

या नियमामागे कारण होतं, हे मान्य. 2002 च्या कायद्याखाली छत्तीसगडमध्ये शंभरावर खाजगी विद्यापीठं निघाली, त्यातली बरीचशी फक्त कागदावर. 2005 मध्ये यशपाल खटल्यात सुप्रीम कोर्टाने ती मोडीत काढली आणि एका राज्याच्या कायद्यावर दुसऱ्या राज्यात दुकान थाटता येत नाही, असंही बजावलं. बरंच झालं.

पण पुढची गंमत बघा. 2020 च्या नियमांत यूजीसीने ऑनलाइन डिग्रीला हद्दीचं बंधन ठेवलंच नाही. म्हणजे तुम्ही-आम्ही हिंजवडीत बसून दुसऱ्या राज्यातल्या मान्यताप्राप्त विद्यापीठाचं एमबीए करू शकतो. लॉगिन करताना सीमा आडवी येत नाही. खाणीतली पाळी संपवून अभ्यासकेंद्रात पुस्तक उघडणाऱ्याला मात्र नाका! मान्यता तर दोघांच्याही कोर्सला लागतेच ना? मग ही हद्द जास्तीचं काय तपासते?

फसवणूक थांबते म्हणाल, तर तेही नाही. चार अभिमत विद्यापीठांनी रीतसर परवानगी नसताना दूरशिक्षणाने इंजिनिअर घडवले. 2017 मध्ये कोर्टाने 2005 नंतरच्या प्रवेशांच्या पदव्या रद्द केल्या. फी परत करा म्हटलं, पण पोरांची गेलेली वर्षं कोण परत करणार? तिथे कमी पडली ती वेळेवरची तपासणी.

अमेरिकेतही हाच तिढा होता. तिथे बहुतेक राज्यांनी एकमेकांची मान्यता चालवून घ्यायचा करार केला. आपल्याकडे यूजीसीने मुभा द्यावी आणि महाराष्ट्र-मध्य प्रदेशाने तसाच करार करावा. केंद्राची तपासणी दोघांनी मिळून करावी आणि विद्यार्थ्याची तक्रार त्याच्याच जिल्ह्यात ऐकावी.

दर्जा जरूर तपासा, कडक तपासा. पण तपासायचं ते विद्यापीठ. विद्यार्थी कुठल्या राज्यात राहतो, याच्याशी दर्जाचा काय संबंध?