कडू भोपळा

फराळाच्या ताटात थोडा कडू भोपळा वाढतो आहे, वाचकहो, रागावू नका. मिरजेच्या तंबोऱ्याचा भोपळा कडूच असतो. तो येतो पंढरपूर-मंगळवेढ्याकडून, म्हणजे आम्हां भांडगावकरांच्याच भीमेच्या खोऱ्यातून. दांडी तुणीच्या लाकडाची. 2024 साली मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले, आम्ही टाळ्या पिटल्या. तुणीचे रोप किती जणांनी लावले?

उलट शहाणे सांगतात, लाकूड वाचवायचे तर यंत्रातला तंबोरा घ्या! 2017 साली शिसवीच्या साऱ्या जातभाईंच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध आले आणि गिटार करणारेही त्यात भरडले गेले. वास्तविक रानांचा फडशा पाडला होता श्रीमंती फर्निचरने. 2019 साली तयार वाद्यांना सूट मिळाली, ती उगीच नव्हे.

मी शिकवीत होतो त्या एका शाळेत भोपळ्याला तडा गेला म्हणून तंबोरा भंगारात घातला. मिरजेला नेला असता तर सांधून मिळाला असता. त्याच्या जागी डबी आली. दोन वर्षांत तीही मुकी झाली. आता सांगा, झाडाचा वैरी कोण? रंधा मारणारा तो कारागीर, की आम्ही मास्तर मंडळी? भंगारवाला तंबोरा उचलीत होता, तेव्हा मी हजेरी मांडीत बसलो होतो.