वेग हवा, तर नंबरही हवा

१९७२ साली आलेल्या ‘चेतक’पासून आपल्या पिंपरी-चिंचवडला स्कूटर नवी नाही, आणि स्कूटर म्हटली की नंबर व लायसन्स आलेच. विजेच्या छोट्या गाडीला मात्र केंद्रीय नियमांनी सूट दिली : शक्ती २५० वॅटपेक्षा कमी, वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी, तर नोंदणी नको, लायसन्सही नको. ही सूट संथपणाला आहे. वेगमर्यादा काढून पळवलेल्या अशा गाड्यांविरुद्ध राज्याच्या परिवहन खात्याने २०२२ मध्ये मोहीम उघडली, ती उगाच नव्हे. पाळी संपवून चाकणच्या रस्त्याने पायी निघालेल्या कामगाराला तिने उडवले, तर नंबर नाही, विमा नाही; भरपाई मागायची कोणाकडे? मित्रहो, सवलत हवी असेल तर हळू चालवा. वेग हवा असेल तर नंबर घ्या!