ग्रॅम नंतर, आधी च-ट-ड

दुकानातला मुलगा लॅपटॉप दोन बोटांत धरून म्हणतो, ‘मॅडम, एक किलोच्या आत!’ तालुक्याच्या बातम्या एसटीत मांडीवर लिहिणाऱ्या बाईला वजनाचं कौतुक असतंच. तरी मी आधी चार्जर मागते आणि तोही हातात घेऊन बघते. पिशवीत दोन्ही जातात, खोक्यावर वजन मात्र एकाचंच छापतात. मोबाइललाही चालणारा टाइप-सी चार्जर असेल, तर दुसरी वायर घरी राहते. बॅटरीवर वॅट-तास लिहिलेले असतात. पन्नास असले आणि नुसत्या लिखाणाला सात वॅट लागत असले, तर सात तास निघतात. स्टँडवरच्या उन्हात पडद्याचा उजेड वाढवला की त्यातले बरेच उडतात.

पण माझा खरा हट्ट कीबोर्डचा. यंत्र लहान करताना पहिली कात्री लागते उजव्या कडेच्या बटणांना. इंग्रजी लिहिणाऱ्याची तिथे अर्धविराम, अवतरणचिन्ह, कंस अशी किरकोळ मंडळी राहतात. इन्स्क्रिप्ट या मराठी कीबोर्डच्या मांडणीत मात्र तिथेच च, ट आणि ड आहेत. ती बटणं चिंचोळी झाली की मराठी वाक्य जागोजाग ठेचकाळतं. असूसचा २००७चा ‘ई पीसी ७०१’ आठवा: सात इंची पडदा, वजन किलोच्याही आत. त्यात उजवी शिफ्ट आखडून ‘वर’च्या बाणापलीकडे ढकललेली होती. आपले अ, आ, इ, उ उमटतात शिफ्ट धरून डाव्या हाताने, म्हणजे सवयीने करंगळी जाते उजव्या शिफ्टवर. तिथे बाण दाबला गेला की ‘आई’ लिहायच्या आधीच कर्सर वरच्या ओळीत! हे बनवणाऱ्यांच्या ध्यानीमनीही नसणार.

म्हणून फिरतीसाठी माझं मत तेरा-चौदा इंची, सव्वा किलोच्या आसपासच्या यंत्राला. पुढचं सीट मागे कललं की चौदा इंची पडदा पुरता उघडत नाही, हे खरं. तेवढं मी सोसते. रॅम मात्र घेतानाच सोळा जीबी घ्यावी. हलक्या यंत्रांत ती बहुधा बोर्डालाच डकवलेली असते, मागाहून वाढत नाही.

आणि दुकानात मराठी कीबोर्ड चालू करून मागा. विंडोजमध्ये तो असतोच, फक्त भाषांच्या यादीतून जोडावा लागतो. मग उभ्याउभ्या चिपळूण, ठाणे, डहाणू, इचलकरंजी लिहा. बोटं अडखळली, तर शेजारचा लॅपटॉप उघडायला सांगा. मुलगा कंटाळेल, कंटाळू दे.