विश्लेषण : ई-२० पेट्रोल आणि जुनी गाडी... इंजेक्टर साफ केल्याने घटलेले मायलेज परत मिळते का?

देशभरातील बहुतेक पंपांवर आता २० टक्के इथेनॉल मिसळलेले ई-२० पेट्रोल मिळते. अ‍ॅव्हरेज घटले, पिकअप गेला, गाडी मिसिंग करते अशा तक्रारी घेऊन जुन्या गाड्यांचे मालक गॅरेज गाठतात. तिथे अनेकदा ‘इंजेक्टर क्लीनिंग’ करून घेण्याचा सल्ला मिळतो. हा खर्च कधी कामी येतो आणि कधी वाया जातो, याचा आढावा...

इंजेक्टर नेमके काय करतो?

इंजेक्टर ही विजेवर उघडझाप करणारी बारीक झडप असते. टाकीतील पंप साधारण ३ बार दाबाने पेट्रोल तिच्यापर्यंत पोहोचवतो. गाडीचा संगणक म्हणजे ईसीयू तिला काही सहस्रांश सेकंदांसाठी उघडतो आणि पेट्रोल धुक्यासारखे फवारले जाते. कारमध्ये ही पद्धत दोन दशकांहून अधिक काळ रुळलेली आहे. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ निकष लागू झाल्यावर दुचाकींमध्येही कार्ब्युरेटरची जागा जवळपास सर्वत्र इंजेक्टरने घेतली.

त्यात कचरा कसा साचतो?

इंजिन बंद केल्यावर इंजेक्टरच्या तोंडाशी पेट्रोलचा अंश राहतो. इंजिनच्या उष्णतेने त्यातील हलका भाग उडून जातो आणि चिकट थर मागे उरतो. सतत कमी अंतराच्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीत हे जास्त घडते. थर वाढला की फवारा विस्कटतो, धार पडते किंवा एका सिलिंडरला पेट्रोल कमी मिळते. सकाळी गाडी उशिरा सुरू होणे, उभ्या गाडीत इंजिन थरथरणे आणि वेग घेताना अडखळणे ही त्याची लक्षणे. मात्र खराब स्पार्क प्लग, तुंबलेला फिल्टर किंवा थकलेला पंप यांचीही लक्षणे हुबेहूब अशीच असतात.

ई-२०मुळे काय बदलले?

तीन गोष्टी बदलल्या. पहिली, इथेनॉल हे चांगले द्रावक आहे. जुन्या टाकीत आणि नळ्यांत वर्षानुवर्षे चिकटलेला गाळ ते सोडवते. हा गाळ आधी फिल्टरमध्ये आणि फिल्टर थकला असेल तर पुढे इंजेक्टरपर्यंत जातो. दुसरी, इथेनॉल पाणी शोषून घेते. गाडी अनेक आठवडे उभी राहिली आणि टाकीत पाणी वाढले, तर पाणी व इथेनॉल एकत्र होऊन तळाशी बसू शकतात. पंप पेट्रोल तळातूनच उचलतो.

तिसरी गोष्ट सहसा लक्षात येत नाही. शुद्ध पेट्रोलच्या १ भागाला जळण्यासाठी वजनाने साधारण १४.७ भाग हवा लागते, तर ई-२०ला सुमारे १३.५ भाग. म्हणजे तेवढ्याच हवेसाठी इंधन जास्त लागते. ऑक्सिजन सेन्सर असलेल्या गाडीत ईसीयू इंजेक्टर थोडा जास्त वेळ उघडा ठेवून ही भरपाई करतो. पण इंजेक्टर आधीच अर्धवट तुंबलेला असेल, तर भरपाईची मर्यादा संपते आणि चेक इंजिनचा दिवा लागतो. आधीपासून असलेला दोष असा नव्या इंधनावर उघडा पडतो.

मग मायलेज किती घटते?

एक लिटर इथेनॉलमधील ऊर्जा एक लिटर पेट्रोलपेक्षा सुमारे एकतृतीयांशाने कमी असते. नीती आयोगाच्या २०२१ मधील अहवालानुसार, मुळात शुद्ध पेट्रोलसाठी बनवलेल्या आणि ई-१०साठी जुळवून घेतलेल्या चारचाकींचे मायलेज ई-२०वर ६ ते ७ टक्के घटते, तर तशा दुचाकींचे ३ ते ४ टक्के. ई-१०साठी बनवून ई-२०साठी जुळवलेल्या चारचाकींत ही घट १ ते २ टक्के असते. ही घट इंधनाच्या गुणधर्मामुळे होते. त्यामुळे इंजेक्टर कितीही स्वच्छ केला तरी ती भरून निघत नाही. लिटरला १५ किलोमीटर देणारी जुनी कार १४ वर आली, तर केवळ त्यासाठी इंजेक्टर उघडण्याचे कारण नाही. ती ११-१२ वर आली आणि सोबत थरथर किंवा मिसिंग असेल, तर बिघाड शोधायला हवा.

साफसफाईच्या पद्धती कोणत्या?

सर्वांत स्वस्त पद्धत म्हणजे टाकीत क्लीनर ओतणे. पॉलिइथर अमाइन हे रसायन असलेले क्लीनर हलक्या थरावर उपयोगी पडते, पूर्ण तुंबलेल्या इंजेक्टरवर नाही. दुसऱ्या पद्धतीत इंजेक्टर न काढता, पेट्रोलऐवजी द्रावकावर इंजिन चालवले जाते. तिसरी पद्धत सर्वांत खात्रीची. इंजेक्टर काढून अल्ट्रासॉनिक टाकीत धुतले जातात आणि नंतर यंत्रावर त्यांचा फवारा, गळती व प्रवाह तपासला जातो. काचेच्या नळ्यांत सर्व इंजेक्टरमधून जवळपास सारखे द्रव जमा व्हायला हवे. साफसफाईच्या आधीचे आणि नंतरचे असे दोन्ही आकडे ग्राहकाने मागावेत. इंजेक्टर परत बसवताना रबरी ओ-रिंग नव्या असाव्यात. जुन्या रिंगमधून गरम इंजिनवर पेट्रोल गळले, तर आग लागू शकते. इंजिन बंद केल्यावरही नळीत दाब राहतो, त्यामुळे हे काम घरी करून पाहू नये.

डिझेलच्या कॉमन रेल इंजेक्टरमध्ये दाब हजार बारच्या वर असतो. त्यांची चाचणी विशेष यंत्रणा असलेल्या ठिकाणीच व्हायला हवी.

जुन्या गाडीत आधी काय पाहावे?

क्रम महत्त्वाचा आहे. प्रथम फिल्टर आणि स्पार्क प्लग. मग स्कॅनर लावून ईसीयूमधील नोंदी आणि पंपाचा दाब. रबरी नळ्या व सील फुगल्या, भेगाळल्या आहेत का, तेही पाहावे. एवढे झाल्यावरही दोष राहिला, तर इंजेक्टर काढावेत. फिल्टर न बदलता इंजेक्टर साफ केले, तर टाकीतील गाळ ते पुन्हा तुंबवू शकतो. लक्षण नसताना प्रत्येक सर्व्हिसिंगला हे काम करून घेण्याची गरज नाही.

खर्च कोणाचा?

काही जुन्या गाड्यांमध्ये २० ते ३० हजार किलोमीटरनंतर काही रबरी भाग व गॅस्केट बदलावे लागू शकतात, असे पेट्रोलियम मंत्रालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये सांगितले. हे काम स्वस्त असून नेहमीच्या सर्व्हिसिंगमध्ये होते, असे मंत्रालयाचे म्हणणे आहे. इथेनॉलविरहित पेट्रोलचाही पर्याय मिळावा, अशी मागणी करणारी याचिका सर्वोच्च न्यायालयाने १ सप्टेंबर २०२५ रोजी फेटाळली. त्यामुळे एप्रिल २०२३ पूर्वीची, ई-२०साठी न बनवलेली गाडी वापरणाऱ्यांना देखभालीचा हा भार स्वतःच उचलावा लागतो. टाकी भरल्यापासून टाकी भरेपर्यंतचे किलोमीटर आणि लिटर दोन-तीन वेळा लिहून ठेवले, तर घट इंधनामुळे आहे की बिघाडामुळे, याचा अंदाज गॅरेजमध्ये जाण्यापूर्वीच येतो.