डायनासोरची बाजू

गेल्या सत्रात, ऐन सबमिशनच्या आठवड्यात, हॉस्टेलच्या नोटीस बोर्डावर एक कागद लागला. ‘वसतिगृह व संगणक कक्षातील नेटवर्कवर सर्व प्रकारचे ऑनलाइन गेम्स बंद करण्यात येत आहेत. विद्यार्थ्यांनी नोंद घ्यावी.’ विद्यार्थ्यांनी नोंद घेतली. संध्याकाळपर्यंत त्याखाली कुणीतरी निळ्या पेनने लिहून टाकलं होतं, ‘आधी नेट तर चालू करा.’

दुसऱ्याच दिवशी नेट गेलं. म्हणजे ते नेहमीच जातं, त्यात नवीन काही नाही. पण नेट गेल्याबरोबर विंगमधल्या प्रत्येक लॅपटॉपवर तो आला. करड्या रंगाचा, ठिपक्याठिपक्यांचा, आखूड हातांचा डायनासोर. स्पेसबार दाबला की गडी निघाला पळत. ज्या खेळाला नेट नसणं हीच पात्रता आहे, त्याला फायरवॉल काय करणार? रात्री अकराला आमच्या मजल्यावर स्पर्धा सुरू होती आणि समोरच्या विंगमधली पोरं दारात उभी राहून ‘उडी, उडी’ करत होती.

हा डायनासोर क्रोममध्ये २०१४ साली आला. नेट नसणं म्हणजे प्रागैतिहासिक काळात जाणं, असा त्यामागचा विनोद. २०१८ मध्ये गुगलनेच सांगितलं होतं, की महिन्याला सुमारे २७ कोटी डाव खेळले जातात, आणि जिथे नेट महाग किंवा बेभरवशाचं आहे तिथे जास्त. त्या यादीत भारत होता. आमचं हॉस्टेल त्यात किती भर घालत असेल, याचा अंदाज रेक्टर सरांनी करावा.

इंजिनिअरिंगच्या पोरांनी हा खेळ नुसता खेळू नये, उघडून बघावा. क्रोमियमचा कोड कुणालाही वाचता येतो. मूळ कोडमध्ये डायनासोरचा सुरुवातीचा वेग ६, कमाल वेग १३, आणि दर फ्रेमला वाढ ०.००१. सेकंदाला ६० फ्रेम धरून हिशेब करा. ७ ने वेग वाढायला ७००० फ्रेम, म्हणजे साधारण ११७ सेकंद. दोन मिनिटांच्या आत तो काय वाढायचा तेवढा वाढून घेतो, पुढे वाढतच नाही! पुढे आपण मरतो ते आपले डोळे आणि बोटं थकतात म्हणून. हे कळल्यावर माझा स्कोअर काही सुधारला नाही, पण मनाला बरं वाटलं. मेकॅनिक्सच्या पहिल्या तासाला एफ.ई.च्या पोरांना ही दोन मिनिटं दाखवली, तर निदान मागचे दोन बाक तरी जागे राहतील.

असो. मुद्दा नोटिशीचा आहे.

नोटीस लावणाऱ्यांचा हेतू वाईट होता असं मी म्हणत नाही. कारण दोन दिली गेली: नेटवर लोड येतो आणि पोरं वाया जातात. पहिलं कारण तर सरळ चुकीचं आहे. २०४८ सारखा आकड्यांचा खेळ एकदा पान उघडलं की सगळा आपल्याच मशीनवर चालतो. वायर काढून टाका, तरी चालतो. एक रील बघायला जेवढा डेटा जातो, त्यात हा खेळ कितीतरी वेळा उघडेल. रील मात्र बंद नाहीत. आणि ‘गेम्स’ या एका शब्दावर फुली मारताना बुद्धिबळाची लीचेस पण गेली, जी फुकट आहे, जिच्यावर जाहिरात नाही, आणि जिच्यावर आम्ही गेल्या वर्षी हॉस्टेल चॅम्पियनशिप घेतली होती. बक्षीस रेक्टर सरांच्याच हस्ते दिलं होतं.

दुसरं कारण मात्र असं उडवून लावता येत नाही, आणि त्यासाठीच हा लेख लिहायला बसलो.

एस.ई.ला असताना माझा रूम पार्टनर रात्री पांघरुणात मोबाइल घेऊन पडायचा. मी विचारलं, की म्हणायचा, ‘टाइमपास रे, पत्ते खेळतोय.’ मीसुद्धा तेव्हा एम-थ्रीचं पुस्तक उघडं ठेवून २०४८ खेळत होतो, त्यामुळे मला काही बोलायचा हक्क आहे असं वाटलं नाही. दोघंही टाइमपास करतोय, त्यात काय. मग तो मेसला येईनासा झाला. भूक नाही म्हणायचा, गेटबाहेर वडापाव खायचा. दोन महिन्यांनी मेसच्या काकांनी मला बोलावून सांगितलं, की तुझ्या पार्टनरचे पैसे आले नाहीत. घरून पैसे आले होते. ते पत्त्यांच्या अॅपमध्ये गेले होते. आधी शंभर जिंकला, मग पाचशे, आणि मग हरलेले परत मिळवण्यासाठी सगळे. त्याच्या वडिलांना फोन करायला मी त्याच्या शेजारी बसलो होतो. त्या फोनबद्दल इथे लिहिणार नाही.

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर देशभर बंदीचा कायदा केला. चांगलं झालं. पण आमच्या खोलीत तो कायदा दीड वर्ष उशिरा पोहोचला. आणि एक गोष्ट लक्षात घ्या, हे सगळं घडलं ते मोबाइलच्या स्वतःच्या डेटावर. कॉलेजच्या फायरवॉलला त्याचा पत्तासुद्धा नव्हता. म्हणजे त्या वेळी ही नोटीस लागली असती, तरी माझं २०४८ बंद झालं असतं आणि त्याचे पत्ते चालूच राहिले असते.

दोघंही ‘टाइमपास’ हाच शब्द वापरत होतो, हे मला अजून खुपतं. शब्द एक असल्यामुळे मला फरक दिसला नाही. २०४८ बनवला तो गाब्रिएले चिरुल्ली नावाच्या इटालियन मुलाने, मार्च २०१४ मध्ये, एका वीकेंडला. वय १९. म्हणजे आपल्याकडचा एस.ई.चा पोरगा. त्याने कोड गिटहबवर खुला ठेवून दिला, कुणीही घ्या आणि बदला म्हणून. कल्पना सगळी त्याची नव्हती, आधीच्या दोन-तीन खेळांवरून त्याने उचलली होती, आणि त्याने तसं सांगितलंही. या खेळाला तुम्ही उद्या परत आलात काय, न आलात काय, फरक पडत नाही. तो तुम्हाला रात्री दोन वाजता ‘परत या, बोनस घ्या’ असा मेसेज पाठवत नाही. पत्त्यांचं अॅप पाठवायचं. मी ते मेसेज नंतर माझ्या डोळ्यांनी वाचले.

म्हणून काय मी साधू आहे असं नाही. एम-थ्रीला माझी केटी लागली, आणि त्या पी.एल.मध्ये माझ्या बोर्डवर ४०९६ ची टाइल आली होती. दोन्हीचा संबंध घरी सांगितलेला नाही. खेळ साधा असला म्हणजे वेळ खात नाही, असा दावा करणारा एकतर खोटं बोलतोय किंवा त्याने कधी लॉग टेबल घेऊन अभ्यास केलेला नाही. पण गेलेला वेळ हा वेळच असतो, पुढच्या अटेम्प्टला भरून निघतो. घरचे पैसे नाहीत निघत.

आमच्या लॅबमधले एक सर सांगतात, की ते शिकत होते तेव्हा लॅबमध्ये मिनिक्लिप आणि स्टिक क्रिकेट चालायचं, आणि सर आत आले की अख्खी ओळ एकदम टर्बो सी उघडायची. ते सगळे खेळ फ्लॅशवर होते. अडोबीने ३१ डिसेंबर २०२० ला फ्लॅश बंद केलं आणि १२ जानेवारी २०२१ पासून प्लेअर चालणंच थांबलं. सर हे सांगताना असे गंभीर झाले, की वाटलं आता दोन मिनिटं शांतता पाळावी लागते की काय. मग मीच त्यांना रफल दाखवलं, जुने फ्लॅश खेळ ब्राउझरमध्ये चालवणारं. सर नंतर अर्धा तास शिकवायला आलेच नाहीत.

खेळता खेळता बनवणंही सुरू होतं, हे मात्र नोटीस लिहिणाऱ्यांच्या ध्यानात आलेलं नाही. वर्डल हा इंग्रजी शब्दांचा खेळ जॉश वॉर्डलने आपल्या जोडीदारासाठी बनवला होता, दिवसाला एकच कोडं. २०२१ च्या शेवटी जगभर पसरला, जानेवारी २०२२ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने विकत घेतला. आमच्या विंगमधला एकजण तसाच मराठीत करायला बसला आणि पहिल्याच दिवशी अडकला. ‘क्षितिज’ या शब्दाला चौकोन किती? आपण म्हणू तीन. कॉम्प्युटर म्हणतो सात, कारण एकट्या ‘क्षि’मध्येच युनिकोडचे चार तुकडे आहेत: क, हलन्त, ष आणि वेलांटी. मग वेलांटी चुकली तर अक्षर बरोबर धरायचं की अर्धं? यावर रात्री दीड वाजेपर्यंत जी भांडणं झाली, तेवढी चर्चा आमच्या एकाही सेमिनारला झालेली नाही. त्यासाठी त्याला मूळ खेळ उघडून बघायचा होता. साइट ब्लॉक.

रेक्टर सर, मागणी फार मोठी नाही. बुद्धिबळ सुरू करा. कोडी आणि आकड्यांचे खेळ रात्री नऊ ते साडेदहा उघडे ठेवा, सबमिशनच्या आठवड्यात हवं तर बंद करा, आम्ही कुरकुर करू पण ऐकू. आणि फायरवॉलमागे घालवता तो वेळ महिन्यातून एकदा मेसच्या वहीला द्या. कोण जेवायला येत नाही, ते त्या वहीत असतं. आमच्या काकांना ते दोन महिने आधी दिसत होतं, पण विचारायचं कुणाला हे त्यांना माहीत नव्हतं.

पार्टनर आता ठीक आहे. परवा नेट गेलं तेव्हा त्याचा डायनासोर माझ्यापेक्षा चारशेने पुढे गेला.