दर्याची शिस्त कोण राखणार?

पर्जन्यकाळ सरला, आश्विनाचे कोवळे ऊन पडू लागले, की कोकणच्या किनाऱ्याचे रूप पालटते. दापोली तालुक्यातील हर्णै बंदरासमोर उभा असलेला सुवर्णदुर्ग एकेकाळी मराठ्यांच्या आरमाराचा आधार होता. त्याच दुर्गाच्या साक्षीने आजही नौका परततात, बैलगाड्या पाण्यात शिरून मासळी वाळूवर आणतात आणि लिलावाचा पुकारा सुरू होतो. शेजारच्या पाजपंढरीत पाठीशी डोंगर, पुढ्यात समुद्र आणि मधल्या चिंचोळ्या पट्टीत दाटीवाटीने उभी असलेली घरे. भिंतीला भिंत लागलेल्या या वस्तीत एका घरचे सुखदुःख दुसऱ्या घरापासून लपत नाही. नौका वेळेवर परतली नाही, तर चिंता एका कुटुंबाची राहत नाही. साऱ्या वस्तीचे डोळे समुद्राकडे लागतात.

शरद ऋतू हा या समाजजीवनाचा ऐन बहराचा काळ. नारळी पौर्णिमेला सागराला श्रीफळ अर्पण झालेले असते. नवरात्रात देवीचा जागर होतो, खंडेनवमीला अवजारांची पूजा होते, दसऱ्याला नव्या भाताच्या लोंब्या दाराच्या तोरणात येतात. डोंगराच्या कुशीतील शेतकरी कापणीत गुंततो, किनाऱ्यावरची माणसे जाळी विणतात, तुणतात, मासळी वाळवतात. या साऱ्या व्यवहाराच्या केंद्रस्थानी असते ती कोळीण. मासळीचा भाव तिलाच कळतो आणि घराचा ताळेबंदही तिच्याच हाती असतो.

परंतु अलीकडे या उत्सवावर चिंतेचे सावट आहे. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या नोंदीनुसार २०१८ साली महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर सुमारे २.९५ लाख टन मासळी उतरली. २०१९ साली हा आकडा सुमारे २.०१ लाख टनांवर, म्हणजे ४५ वर्षांतील नीचांकावर आला. त्या वर्षी ऐन हंगामात ‘क्यार’ आणि ‘महा’ ही वादळे लागोपाठ आली. नोव्हेंबर २००९ च्या ‘फयान’च्या जखमा तर कोकण अजून विसरलेले नाही. डिझेल, बर्फ आणि खलाशांचा पगार यांचा खर्च प्रत्येक फेरीला अटळ असतो. जाळ्यात येणारी मासळी मात्र अनिश्चित. परिणामी कोळ्याचा मुलगा मुंबईची वाट धरतो आणि त्याच्या जागी नेपाळहून आलेला खलाशी जाळे ओढतो.

वादळांवर माणसाचा इलाज नाही. पण माणसाच्या हावेवर आहे. प्रखर दिव्यांच्या झोताने मासे एकत्र खेचायचे आणि लहान-मोठा भेद न करता सारा थवा उपसायचा, ही एलईडी मासेमारीची रीत. उद्याच्या हंगामाचे बियाणे ती आजच ओरबाडून नेते. पर्ससीन जाळ्यांवर राज्य शासनाने २०१६ साली निर्बंध घातले, केंद्राने २०१७ साली एलईडी मासेमारीला बंदी केली, २०२१ साली राज्याचा कायदा सुधारून दंड लाखांच्या घरात नेला. तरीही रात्रीच्या समुद्रावर दिवे पेटतातच, ही पारंपरिक मच्छीमारांची तक्रार आहे. अपुऱ्या गस्तीचा जाब शासनाला विचारलाच पाहिजे. हर्णैला सुसज्ज बंदर हवे, ही मागणीही जुनी आणि रास्त आहे.

मात्र सारा दोष शासनाच्या माथी मारून समाजाला मोकळे होता येणार नाही. दिवे लावणारे काही परद्वीपाहून आलेले नाहीत. त्यांतील अनेक जण याच किनारपट्टीचे, याच जत्रांना जाणारे, याच देवीपुढे हात जोडणारे आहेत. एकाने कर्ज काढून मोठी नौका घेतली, की हप्ते फेडण्यासाठी तो नियम मोडतो. त्याचे पाहून दुसरा मोडतो. आणि नियम पाळणारा अखेर मूर्ख ठरतो. गावाची एकजूट तुटते ती अशी, आतून.

जून-जुलैच्या मासेमारी बंदीचा कायदा होण्यापूर्वीही कोळी समाज नारळी पौर्णिमेपर्यंत दर्यात उतरत नसे. ती शिस्त कोणा अधिकाऱ्याने लादलेली नव्हती. खवळलेल्या समुद्राचे भय, माशांच्या विणीच्या काळाची जाण आणि गावकीचा शब्द या तिन्हींनी ती घडवली होती. हाच शब्द आज पुन्हा खणखणीतपणे उच्चारला गेला पाहिजे. गावागावांच्या मच्छीमार सहकारी संस्थांनी नियम मोडणाऱ्याला, तो आप्त असला तरी, पाठीशी न घालण्याचा निश्चय करावा. शहरातील ग्राहकांनीही अंगठ्याएवढी पापलेटे विकत घेण्याचे नाकारावे. मागणी आटली, की पुरवठाही थांबेल.

कोजागिरीच्या रात्री ‘को जागर्ति?’ असे विचारीत लक्ष्मी फिरते, अशी श्रद्धा आहे. किनाऱ्याची लक्ष्मी समुद्रातून येते. ती रुसून निघाली असताना जागे कोण आहे, हा प्रश्न आज पाजपंढरीच्या दारात उभा आहे आणि साऱ्या कोकणच्याही.