मित्राचा आजार आणि मित्राची कविता

कर्करोगाने गेलेल्या लेखकाविषयी त्याच्या स्नेह्यांनी लिहिलेले लेख वाचताना एक गोष्ट वारंवार जाणवते. लेख मित्राविषयी सुरू होतो आणि तिसऱ्या-चौथ्या परिच्छेदात आजाराच्या ताब्यात जातो. निदान, शस्त्रक्रिया, दवाखान्यातली शेवटची भेट, हातात घेतलेला हात. लिहिणाऱ्याचे दुःख खरेच असते. त्याविषयी शंका घेण्याचा अधिकार कुणालाच नाही. पण त्या भरात, जो माणूस चाळीस-पंचेचाळीस वर्षे शब्दांशी झगडत होता, तो अखेरच्या काही महिन्यांचा रुग्ण होऊन उरतो. नागपूरचे कवी ग्रेस यांच्या वाट्याला काही प्रमाणात हेच आले, असे माझे मत आहे.

माणिक गोडघाटे ऊर्फ ग्रेस यांचा जन्म १० मे १९३७ रोजी नागपुरात झाला आणि २६ मार्च २०१२ रोजी पुण्याच्या दीनानाथ मंगेशकर रुग्णालयात त्यांचे निधन झाले. आजार कर्करोगाचा होता. आदल्याच वर्षीचा साहित्य अकादमी पुरस्कार ‘वाऱ्याने हलते रान’ या ललितबंधांच्या संग्रहाला मिळाला होता. (ज्यांची ओळख आयुष्यभर कवी म्हणून होती, त्यांना अकादमीने गद्यासाठी गौरवावे, यावर खरे तर वेगळे लिहायला हवे.) पुरस्कार आणि मृत्यू यांत इतके थोडे अंतर पडले की वाचकांच्या मनात दोहोंची सरमिसळ झाली. आणि तेव्हापासून त्यांच्या कवितेतली संध्याकाळ, भय, दुःख, निरोप हे सारे मृत्यूची चाहूल म्हणून वाचण्याची एक सोपी रीत पडली.

या रीतीवरचा माझा आक्षेप साधा, सनावळीचा आहे. ‘संध्याकाळच्या कविता’ १९६७ साली प्रसिद्ध झाला, तेव्हा कवी तिशीचा होता. ‘राजपुत्र आणि डार्लिंग’ १९७४चा, ‘चंद्रमाधवीचे प्रदेश’ १९७७चा. म्हणजे ज्या तीन संग्रहांनी ग्रेस यांची प्रतिमासृष्टी आणि त्यांच्याभोवतीचा दुर्बोधतेचा वाद, दोन्ही उभे केले, ते त्यांच्या चाळिशीपर्यंत प्रसिद्ध झालेले होते. ती संध्याकाळ आजाराने आणलेली नव्हती. ती एका तरुण कवीने निवडलेली, घडवलेली, पुढे आयुष्यभर निष्ठेने सांभाळलेली काव्यवेळ होती. पुढच्या संग्रहांच्या ‘सांध्यपर्वातील वैष्णवी’, ‘सांजभयाच्या साजणी’ या नावांतही ती आहे. तिला कर्करोगाची पूर्वसूचना म्हणणे म्हणजे कवीच्या हातून त्याची निवडच काढून घेणे होय. मित्र म्हणवणाऱ्याने तरी हे करू नये.

अखेरच्या पुस्तकांचे काय, असे कुणी विचारील. प्रश्न रास्त आहे. ‘कावळे उडाले स्वामी’ किंवा ‘ओल्या वेळूची बासरी’ वाचताना शरीराच्या वेदनेचा विचार मनात येणे अस्वाभाविक नाही. पण ललितलेखांच्या पुस्तकावरचे साल हे त्यातल्या प्रत्येक लेखाचे साल असतेच असे नाही. कोणते पान केव्हाचे, हे आधी ठरवावे लागते. आजार हा चरित्रातला एक दिनांक आहे. त्याला अन्वयार्थाची गुरुकिल्ली करण्यापूर्वी निदान दिनांक तरी जुळले पाहिजेत.

सुझन सोन्टाग यांचे ‘इलनेस ॲज मेटाफर’ १९७८ साली आले. त्याआधी तीन वर्षे त्यांना स्वतःलाच कर्करोगाचे निदान झाले होते. तरी त्या पुस्तकात आपल्या आजाराविषयी त्यांनी लिहिले नाही. आजाराला रूपक केले की रोगी माणूस दिसेनासा होतो, आणि रोगाभोवतीच्या युद्धाच्या भाषेने त्याचे भले होत नाही, हा त्यांच्या म्हणण्याचा गाभा. आपल्याकडे ‘कर्करोगाशी झुंज अपयशी’ हे वाक्य इतके रुळले आहे की ते लिहिताना आपण मृताला पराभूत ठरवतो आहोत, हे लिहिणाऱ्याच्या ध्यानीही येत नाही. ‘दुर्धर आजार’ ही त्याचीच दुसरी, अधिक सोज्वळ बाजू.

‘ग्रेस’ हे टोपणनाव इन्ग्रिड बर्गमनशी जोडलेले आहे, हे सर्वांना ठाऊक आहे. बर्गमनही कर्करोगाने, १९८२ साली, आपल्या वाढदिवसाच्याच दिवशी गेली. या योगायोगातून सूत्र काढण्याचा मोह मी अनेकांच्या बोलण्यात पाहिला आहे. त्यात सूत्र काहीही नाही.

नागपूरच्या दृष्टीने अधिक विचार करण्याजोगे उदाहरण तुकडोजी महाराजांचे आहे. ‘ग्रामगीता’कार महाराजांचे निधन १९६८ साली कर्करोगानेच झाले. आज शहरातल्या कर्करोग रुग्णालयाला त्यांचे नाव आहे आणि विद्यापीठालाही. पण म्हणून ‘ग्रामगीता’ कुणी रोग्याचे लेखन म्हणून वाचत नाही. गावाविषयीच्या विचारांचा ग्रंथ म्हणूनच ती वाचली जाते. मग ग्रेस यांच्याच बाबतीत असे का व्हावे? मला वाटते, दुर्बोध म्हटल्या गेलेल्या कवितेला कुठूनतरी अर्थ हवा असतो, आणि आजार तो आयता पुरवतो. तसाच पुरवठा त्यांच्या वागण्याबोलण्याच्या किश्श्यांनी, त्यांच्या घरच्या दुःखांच्या चर्चेने आधीही केला होता. अमुक कविता आईवर की प्रेयसीवर, ही चौकशी संपली की कविता वाचण्याचे कष्ट वाचतात.

निष्ठावान मित्र म्हणजे कोण, याचा विचार करताना मला हृदयनाथ मंगेशकर आठवतात. ‘महाश्वेता’ या दूरदर्शन मालिकेचे लता मंगेशकरांनी गायिलेले शीर्षकगीत घ्या, किंवा १९८९च्या ‘निवडुंग’ चित्रपटातल्या ग्रेस यांच्या रचना घ्या. घरोघरी पोहोचलेली ही गाणी आहेत आणि त्यांतल्या प्रतिमा मूळ कवितेइतक्याच अवघड आहेत. संगीतकाराने लोकप्रियतेसाठी कवीला सोपे होण्याची गळ घातलेली कुठे दिसत नाही. चालही शब्दांची उकल करत बसत नाही. ती त्यांना थांबायला जागा देते. अर्थ पुरता न लागताही ओळ मनात राहू शकते, हे समीक्षेने जितके पटवून दिले नाही तितके या चालींनी दिले. आणि अखेर कवीने देह ठेवला तो या संगीतकाराच्या वडिलांचे नाव धारण करणाऱ्या रुग्णालयात. स्मरणलेखांत या शेवटच्या तपशिलाचेच महत्त्व अधिक होते. माझ्या लेखी चालींचे आहे.

दुसरे उदाहरण विदर्भाबाहेरचे. अरुण कोलटकर २५ सप्टेंबर २००४ रोजी पुण्यात कर्करोगाने गेले. आयुष्यभर प्रकाशनाची घाई न केलेल्या या कवीची ‘चिरीमिरी’, ‘भिजकी वही’, ‘द्रोण’, ‘काळा घोडा पोएम्स’, ‘सर्पसत्र’ ही पुस्तके अखेरच्या एक-दोन वर्षांत हातात आली, त्यामागे अशोक शहाणे आणि त्यांचे प्रास प्रकाशन होते. ‘भिजकी वही’ला २००५चा अकादमी पुरस्कार मिळाला तेव्हा कवी हयात नव्हता. पुढे २००९मध्ये अरविंद कृष्ण मेहरोत्रांनी ‘द बोटराइड अँड अदर पोएम्स’चे संपादन करून विखुरलेल्या कविता एकत्र आणल्या. ही मित्रांनी केलेली कामे आहेत. त्यांत मुद्रणप्रती वाचणे आहे, क्रम लावणे आहे, पाठ ठरवणे आहे. रडणे त्यांनीही केले असेलच. पण छापले ते कोलटकरांचे शब्द.

ग्रेस यांच्या बाबतीत हे काम नागपूरकरांना अधिक चांगले करता येईल. अनेक वर्षे त्यांनी मॉरिस कॉलेजात, म्हणजे आजच्या वसंतराव नाईक संस्थेत, मराठी शिकवले. त्यांचे विद्यार्थी आज स्वतः निवृत्तीच्या वयात आहेत किंवा निवृत्त झाले आहेत. त्यांच्यापाशी वर्गातल्या टिपणवह्या असतील, पत्रे असतील, एखाद्या ओळीवर कवी वर्गात काय बोलला याची आठवण असेल. ‘सर किती विक्षिप्त होते’ यापेक्षा ‘सरांनी अमुक कविता अशी वाचली, इथे थांबले’ ही आठवण अभ्यासकाला शतपट मोलाची आहे. नियतकालिकांत प्रथम छापलेले पाठ आणि संग्रहातले पाठ यांची तुलना एखाद्या विद्यार्थ्याने पीएच. डी.साठी घ्यावी, त्यासाठी नागपूरची जुनी ग्रंथालये धुंडाळावी लागतील, आणि जुने कागद फार काळ वाट पाहत नाहीत. कवितांच्या कालानुक्रमाची एक विश्वसनीय यादी जरी हाती आली, तरी ‘संध्याकाळच्या कविता’तली कोणती कविता कवीने विशीत लिहिली होती, हे आपल्याला वर्गात नेमके सांगता येईल.